आक्काच्या आंदणाची जीप

दाजी, आधी भांडण उरकून घेऊ, मग बाकीचं बोलू. आपली रीतच ती. कुंभारीच्या घरात मी पाऊल ठेवलं की तुम्ही बाजेवरूनच हाक मारायचात, "या मेव्हणं! आज काय काढून आलाय भांडायला?" आणि माझी आक्का आतून ओरडायची, "आधी पानी तरी पिऊ द्या त्याला!" परवा तुमच्या ओट्यावर बसलो, तर पाणी लगेच आलं. कुणी मध्ये बोललंच नाही. तांब्या हातात धरून मी नुसता बसून राहिलो.

माझा राग एवढाच की तुम्ही वाद अर्धा टाकून गेलात. असं करतात व्हय? दुपारी जेवलात, जीपच्या सावलीत बाज ओढलीत, "जरा पडतो" म्हणालात आणि पडलात ते पडलातच. पुढच्याच रविवारी मी येणार होतो. सगळे मुद्दे मनात घोटून ठेवले होते. आता ते कुणाला सांगू? टॉवेलच्या कारखान्यात माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण त्यांच्याशी भांडण्यात काय राम नाही. ती लगेच "व्हय साहेब" म्हणतात.

लोकांना वाटायचं, मेव्हण्या-दाजीची थट्टा चाललीय. थट्टा तर होतीच, पण तिच्या पोटात खरं भांडण होतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही.

आमच्या वडिलांनी आक्काच्या लग्नात मेंढरं आंदण दिली होती. धनगराच्या लेकीला सोनं कमी द्यावं, मेंढरं जास्त द्यावीत, असं ते म्हणायचे. सोनं पेटीत पडून राहतं, मेंढरू वाढतं. त्यांत एक काळी मेंढी होती, डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेली. तिची आई मेली तेव्हा आक्कानं ते कोकरू बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. चांदणी म्हणायची तिला. लग्न झालं आणि ती मेंढरं घेऊन तुम्ही दोघं रानोमाळ हिंडायला लागलात. दिवाळी झाली की गाव सोडायचं, ते पेरणीच्या तोंडावर परत यायचं. आक्का मेंढरांमागं चालायची. तिच्या टाचांना अशा भेगा पडायच्या की बघवत नसे. त्या भेगांत मेण भरायचं आणि पुन्हा चालायचं.

आणि एक दिवस तुम्ही ती सगळीच्या सगळी मेंढरं देऊन जीप घेतलीत.

मी होतो की तिथं. अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं निम्मं गाव कन्नड बोलतं, तिथल्या चिंचेखाली तो व्यवहार झाला. सिद्दप्पा तुमच्याचसारखा धनगर. हौसेनं त्यानं जीप घेतली होती, पण त्याचा जीव मेंढरांत. त्याला जीप झेपेना, तुम्हाला मेंढरं झेपेनात. दोघांनी बिरोबाचा भंडारा तळहातावर घेतला, वर बेलाचं पान ठेवलं आणि तुम्ही म्हणालात, "आजपास्नं गाडी माजी, मेंढरं तुजी." मग सिद्दप्पानं उरलेला भंडारा तेलात कालवला आणि पुढच्या चाकामागं, सांगाड्याच्या पोलादावर जिथं गाडीचा नंबर ठोकलेला असतो, तिथं जाडसर लावला. म्हणाला, "हे गाडीचं कपाळ. सटवाईनं तिचं नशीब हितं लिवलंय."

तेव्हा मला मिसरूड फुटत होतं, पण अक्कल तुमच्यापेक्षा जास्त होती. मी हळूच म्हणालो, "दाजी, गाडीचं बुक मागा की. कागद नको का?"

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी देवळात चपला घालून शिरलो होतो जणू. "भंडारा उचलल्यावर कागद मागतात व्हय? देवाला साक्षीला उभा करायचा आन वर त्याची पावती मागायची?"

झालं. बुक राहिलं सिद्दप्पाच्या घरात, जीप आली कुंभारीला, आणि आमची मेंढरं चिंचेखालून निघून गेली. चांदणी दोनदा मागं वळून ओरडली. आक्का जीपच्या मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. आमच्या वडिलांनी ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाले, "लेकीची मेंढरं लोखंडात घातली." मरेपर्यंत ते तुमच्या जीपमध्ये बसले नाहीत.

तेव्हापासून दर भाऊबीजेला मी तुम्हाला डिवचायचो. "आक्का, ओवाळणीत मेंढरू घालू का? पण नको, दाजी त्याची सायकल करून आणतील!" तुम्ही हसायचात. मग मी खरं काढायचो. आंदण बाईचं असतं, दाजी. तिला विचारलं होतं का? आणि तुमचं उत्तर ठरलेलं, "तिच्या टाचा बघितल्या की मी. त्यात इचारायचं काय?" आक्का आत भाकरी थापत असायची. भाकरीचा आवाज तेवढा जरा जोरात यायचा.

एक मात्र कबूल करतो, आणि हे तुमच्या तोंडावर कधी केलं नसतं. त्या जीपनं तुम्हाला सगळ्या गावाचं करून टाकलं. कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची, कुणाचं बोकड बाजारात न्यायचं, आणि कधीकधी दोन्ही एकाच फेरीत. एकदा बोकडानं म्हातारीचा पदर खाल्ला, तर तुम्ही तिला आक्काचं लुगडं आणून दिलंत आणि घरी येऊन आक्काच्या शिव्या खाल्ल्यात. ओढ्याला पाणी आलं की एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाया तुमच्या ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. त्यांना हाक मारावी लागायची नाही. तुम्ही चावी घेऊन आधीच बाहेर.

या सगळ्या वर्षांत तुम्हाला कुणी कागद विचारला नाही, हे बिरोबाचं देणं. गेल्या वर्षी अक्कलकोट रोडला तपासणी लागली आणि ते देणं संपलं. हवालदारानं विचारलं, "काका, कागद?" तुम्ही म्हणालात, "बुक न्हाय. भंडारा हाय." त्याला वाटलं, तुम्ही घेऊन आलाय. तोंडाचा वास घेतला बिचाऱ्यानं! वास आला तो तंबाखूचा. जीप नेऊन जप्तीच्या गाड्यांच्या आवारात लावली, आणि सांगितलं की मालकी दाखवा आणि घेऊन जा, नाहीतर लिलावात भंगारवाला नेईल.

तुमचा मला फोन आला. "मेव्हणं, गाडी न्हेली." मी म्हणालो, "म्हातारी झालीय ती. जाऊ द्या." तुम्ही म्हणालात, "जाऊ द्यायला माजी हाय व्हय ती?"

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी बोलताय.

आरटीओच्या बाहेर आपल्याला तो एजंट भेटला, खिशाला चार पेनं लावलेला. त्याचा उपाय सोपा होता. अशीच एक जीप भंगारात गेली होती, तिचं बुक त्याच्याकडं होतं. आपल्या जीपवरचा नंबर घासून काढायचा, त्या बुकातला ठोकायचा, की झाली गाडी कायदेशीर. मी तर तयारच होतो. म्हणालो, "करून टाकू, दाजी. कुणाला काय कळतंय?"

तुम्ही एजंटाला विचारलंत, "कपाळ घासायचं म्हंतोस?"

त्याला काही कळेना. मला कळलं, म्हणून मी जास्त चिडलो. भर रस्त्यात मी तुमच्यावर ओरडलो की देव गाडीच्या सांगाड्यात बसत नाही, आणि या खुळापायी जीप भंगारात जाईल. रसवंतीवाला गिऱ्हाईक सोडून बघत होता. तुम्ही शांतपणे दोन रस सांगितलेत. अर्धा ग्लास रिकामा करून म्हणालात, "दुसऱ्याचं नशीब तिच्या कपाळावर ठोकून आनलेली गाडी कुणाला देता येत न्हाय. आन मला ती द्यायची हाय."

"कुणाला द्यायचीय?"

"रस प्या. गरम हुतोय."

मग आपण सरळ रस्त्यानं गेलो. सरळ रस्ता म्हणजे खिडक्यांचा रस्ता. या खिडकीवरून त्या खिडकीवर. एका बाईंनी नंबर घालून बघितलं आणि सांगितलं की गाडी अजून सिद्दप्पाच्याच नावावर आहे. त्यालाच आणा. चौकशी केली तर सिद्दप्पा कधीच वारलेला. मग बाई म्हणाल्या, वारसाला आणा. आधी गाडी वारसाच्या नावावर होईल, मग वारसानं ती तुम्हाला द्यायची. आणि वारसानं नाही म्हटलं तर? बाईंनी चष्मा काढला. "मग काका, कायद्यानं गाडी त्यांचीच."

माझ्या मोटारसायकलवर आपण त्या गावाला गेलो. चिंच अजून होती. सिद्दप्पाची बायको मल्लव्वा दारात लोकर विंचरत बसली होती. तुम्हाला बघून तिनं डोळ्यांवर हात धरला. "यारु? कुरी कोट्टवरु?" म्हणजे कोण, मेंढरं देणारे का? तुम्ही मान हलवलीत. तुमची ती मोडकीतोडकी कन्नड आणि तिचं मोडकंतोडकं मराठी, दोन्ही मिळून सगळी हकीकत सांगून झाली. तिचा दीर ओट्यावर बसून ऐकत होता. तो पटकन म्हणाला, "म्हंजी गाडी आमचीच की हो मग! सरकारच म्हंतंय."

मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी चिडाल, आता तरी सिद्दप्पाची आठवण द्याल, देवाचं भय घालाल. तुम्ही म्हणालात, "सरकार म्हंतंय, खरं हाय." आणि बिडी पेटवलीत. त्या वेळी मला तुमची मान पिरगाळावीशी वाटली होती. साफ सांगतो.

मल्लव्वा आत गेली. देवाच्या डब्यातला भंडारा घेऊन आली. तुमच्या तळहातावर ठेवला, मग स्वतःच्या. दिराकडं वळून म्हणाली, "मातु अंद्रे मातु." शब्द म्हणजे शब्द. आणि तुम्हाला म्हणाली, "त्यांनी उचललेला माज्याबी हातावर हाय की. कवा यायचं सोलापूरला?"

परत येताना मी मोटारसायकल हाकत होतो आणि तुम्ही मागं माझ्या खांद्याला धरून बसला होतात. तुमच्या हाताचा भंडारा माझ्या पांढऱ्या शर्टाला लागला. तो डाग निघाला नाही. बायको म्हणाली टाकून द्या, पण मी टाकला नाही.

तुमची खरी करामत पुढंच आहे. मल्लव्वा एसटीनं आली त्या दिवशी तुम्ही आक्कालाही घेऊन आलात. मी म्हणालो, "हिला कशाला उन्हात?" तुम्ही म्हणालात, "काम हाय." झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाला आपण प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. त्यानं सवयीनं ठोकलं की सदर वाहन मी रोख रक्कम देऊन खरेदी केले, आणि वाचून दाखवलं.

"रोख न्हाय," तुम्ही म्हणालात. "मेंढरं दिली."

"आजोबा, असं लिहायची पद्धत नाही. रोखच लिहितात."

"का? मेंढरू काय खोटं हाय व्हय?"

तो हसला. कागद काढून नवा चढवला. "बरं. मी माझ्या मालकीची मेंढरं देऊन…"

"थांब," तुम्ही म्हणालात. "माज्या मालकीची न्हवती."

टाइपरायटर थांबला. मी थांबलो. आजूबाजूला लोक होते, एजंट होते, चहावाला होता. तुम्ही मागं वळलात आणि आक्काकडं बोट केलंत. "हिची हुती. आंदनाची. हिला न इचारता दिली मी. तसं लिव. जिची मेंढरं, तिची गाडी. नाव हिचं घाल."

दाजी, आयुष्यभर मी जे भाऊबीजेला थट्टेत म्हणत आलो, ते तुम्ही भर उन्हात, परक्या माणसांपुढं, न लाजता म्हणून टाकलंत. माझ्या तोंडचं भांडणच काढून घेतलंत की! टाइपवाला मात्र कामाचा माणूस, त्यानं विचारलं, "बाईंचं पूर्ण नाव?" आणि आक्कानं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, मग तुमचं. इतक्या स्पष्ट आवाजात तिला स्वतःचं नाव सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शिक्के होईपर्यंत दोघी बायका पायरीवर बसल्या. मल्लव्वा आक्काला म्हणाली, "तुजी ती काळी हुती न्हवं? कानाला टिपका? तिचं वंस हाय अजून आमच्या मेंढवाड्यात. टिपका तसाच पडतोय बग." आक्का एकेक विचारायला लागली. किती आहेत, दूध देतात का, अंगानं कशा आहेत, पायाची लागण झाली होती का. सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तशी चौकशी. तुम्ही थोडं लांब बिडी ओढत उभे होता. ऐकलंत का नाही, देव जाणे.

शेवटचा घोळ नंबराचा झाला. तपासणीचे साहेब आवारात आले, कागद घेऊन जीपशी वाकले आणि म्हणाले, "नंबर कुठाय? इथं नुसतं मळाचं ढेकूळ आहे. घासलाय का कुणी?" नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी. दर दसऱ्याला तुम्ही भंडारा आणि तेल तिथंच थापत आला होता, सिद्दप्पानं दाखवलेल्या जागी, एकावर एक. अशी चूक करायला आपलीच माणसं लागतात. मालकीचा एकमेव पुरावा देवपूजेखाली गाडून टाकायचा!

तुम्ही गुडघे टेकलेत, आधी हात जोडलेत, आणि मग नखांनी तो थर काढायला लागलात. बाकीची जीप गंजून पोखरली होती. पण त्या तेलकट हळदीखालचं पोलाद जसंच्या तसं. एकेक आकडा निघत गेला, काल ठोकल्यासारखा. साहेबांनी कागद लावला, वरून पेन्सिल फिरवली, आकड्यांचा छाप उठला. ते म्हणाले, "काका, एवढा स्वच्छ नंबर नव्या गाडीला नसतो." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ते बघणं मला तुमच्या मरणापर्यंत पुरणार होतं, आणि पुरलं.

मग ब्रेक झाले, दिवे झाले, हॉर्न झाला, कर भरला, विमा उतरवला. पुढचे महिने तुम्ही कुंभारी ते आरटीओ एसटीनं आणि पायी केलेत. उन्हानं पार काळे पडलात. आक्का म्हणायची, "पुरं की आता." तुम्ही ऐकत नव्हता. शेवटी जीप सुटून दारात आली, आणि मागोमाग बुकाऐवजी मिळतं ते गाडीचं कार्ड पोस्टानं आलं. पोस्टमन म्हणाला, बाईंच्या नावाचं आहे, त्यांनाच सही करू द्या. मी त्या दिवशी तिथं होतो, हे माझं नशीब. आक्कानं अक्षर अक्षर लावून आपलं नाव वाचलं. तुम्ही बाजेवरून उठून उभे राहिलात, मामलेदारापुढं राहावं तसे.

"तवा इचारलं न्हवतं," तुम्ही म्हणालात. "आता इचारतो. गाडी तुजी हाय. ठिवायची, इकायची, काय करायचं ते तू सांग."

आक्का कार्डाकडं बघत राहिली. म्हणाली, "सांगते की. घाई हाय का?"

"न्हाय न्हाय," तुम्ही म्हणालात. "कसली घाई!"

आणि स्वतःच घाई केलीत.

त्या रविवारी मी हेच भांडायला येणार होतो. विचारायला एवढी वर्षं का लागली, हा पहिला मुद्दा. आणि एवढं मोठं काम केलंत, ते एका शब्दानं मोठं म्हणून सांगितलं का नाहीत, हा दुसरा. दुसरा मुद्दा भांडण्यासारखा नव्हता, पण आपल्यात सरळ बोलायची सोय कुठं होती? तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही, हे वाक्य मी भांडणाच्या आवाजातच म्हणणार होतो, म्हणजे तुम्हालाही लाजायला नको आणि मलाही.

सव्वा महिना झाला आणि सगळे जण जीपवर बोलायला लागले. कुणी म्हणालं, दाजींची आठवण म्हणून दारात राहू दे. मीही तेच म्हणालो. हार घालू, दसऱ्याला पूजा करू. आक्का ऐकत होती. मग म्हणाली, "दत्ता, मला मल्लव्वाकडं घेऊन चल. गाडीतनंच."

मी जीप चालवली. आक्का पुढं माझ्या शेजारी बसली, कार्ड पदराला बांधून. चिंचेखाली उतरली आणि मल्लव्वाला म्हणाली, "गाडी घ्या. मला चांदणीच्या वंसातली मेंढरं द्या."

मी उडालोच. "अगं आक्का! दाजींनी त्या गाडीसाठी वर्षभर पाय झिजवले! आणि तू…"

"म्हनूनच की," आक्का म्हणाली. "गाडी माजी केली त्यांनी. माजी केली म्हंजी मी म्हनंल ते व्हनार. त्यांनी इचारलं हुतं. मी सांगते म्हनले हुते. आता सांगतेय."

मल्लव्वानं डबा आणला. दोघींनी भंडारा उचलला. कागदाचं नाव काढायची माझी छाती होईना. आणि आक्काच म्हणाली, "आता कागदबी करू. नायतर तुमच्या दिराला हवालदार धरंल." दीर, तोच दीर, मान खाली घालून हसला. दुसऱ्या दिवशी सोलापुरात त्याच झाडाखाली, त्याच टाइपवाल्यापुढं आक्कानं सही केली. त्यानं न विचारता मेंढरं लिहिली.

मेंढरं टेम्पोतून आणली. थोडीच आहेत, परसात मावतील एवढी. कुंभारीच्या फाट्यावर आक्कानं टेम्पो थांबवला, मेंढरं खाली उतरवली आणि म्हणाली, "हितनं मी चालत येते." मी म्हणालो, "अगं, तुझ्या टाचा!" तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या.

मी टेम्पो सोडून तिच्याबरोबर चाललो. पुढं काळी मेंढी, डाव्या कानावर पांढरा ठिपका. आक्का हातात काठी घेऊन, जिभेनं तो जुना आवाज काढत. वय विसरून चालत होती. मध्येच म्हणाली, "टाचा फाटायच्या, खरं हाय. पर चालायला मला लई आवडायचं रं."

"मग दाजींना कधी सांगितलं नाहीस?"

"इचारलंच न्हवतं की कवा. इचारलं, तवा सांगनार हुते. त्या ऐतवारी तू येनार हुतास. म्हनलं, दोगांच्या म्होरं सांगावं, भांडन तरी मिटंल."

तिच्या चपला काखेत मारून मी मेंढरांमागं चालत राहिलो.

घरी आल्यावर मेंढरं आपोआप जीपच्या जागेवर जाऊन बसली. तिथली माती अजून ऑइलनं काळी आहे. तुमची बाज तिथंच आहे, कुणी हलवली नाही. आक्कानं काळ्या मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला. बोटाला उरला होता तो बाजेच्या लाकडाला पुसला, आणि स्वयंपाकघरातून बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "सांगितलं बरं का मी."

तुम्हाला ऐकू गेलं का नाही ते मला कळायला मार्ग नाही, म्हणून हे लिहिलं. तिनं सांगितलंय, दाजी. आता तुम्ही बोला की.